केसरची झोप

आमच्या दादासांनी आयुष्यात घेतलेला एकही नियम कधी मोडला नाही, आणि त्याचा ताप घरातल्या बाकीच्यांना होतो. सूर्यास्तानंतर पाणी नाही, कांदा-लसूण नाही, चातुर्मासात हिरवी भाजी नाही, हे सगळं ठीक. पण मागच्या दिवाळीत त्यांनी जो नियम घेतला, त्याने माणसांची आणि जनावरांची, दोघांचीही झोप उडवली. मी या घरची नातसून, चांदनी. माहेर धुळ्याचं आणि तोंड फटकळ, त्यामुळे हे सांगायचं काम माझ्याकडेच आलं.

दादासा म्हणजे माझे आजेसासरे, भीकमचंद. तळोद्यात धान्याचं दुकान, आणि गावाबाहेर शहाद्याच्या रस्त्याला समाजाचा पांजरपोळ आहे, त्याचा कारभार. म्हाताऱ्या गाई, लंगडे बैल, कुणी सोडून दिलेली वासरं, सगळ्यांना तिथे ठाव. दुकान माझ्या नवऱ्याने, अरिहंतने, केव्हाच हातात घेतलंय. दादासांचा जीव पांजरपोळात.

नवरात्राच्या सुमारास तिथलं एक वासरू बिबट्याने नेलं. चहूबाजूंनी भिला पाटलाचा ऊस, बिबट्या कुठे दडला होता कुणास ठाऊक. त्या संध्याकाळी वीज गेली होती आणि फाटक दादासांनी स्वतः लावलं होतं. अंधारात कडी नीट बसली नाही. हे आम्हाला दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही. दादासाच सांगत सुटले होते, ज्याला त्याला, गिऱ्हाइकालासुद्धा. कोणी समजूत घातली की आणखी चिडायचे.

मग दिवाळीत त्यांनी देवासमोर हात जोडून नियम घेतला: मी आहे तोवर पांजरपोळात रात्री अंधार होणार नाही. देरासरात, आमच्या जैन मंदिरात, अखंड दिवा तेवतो, तसाच इथेही उजेड अखंड राहील. गोठ्यासमोर खांब उभा राहिला, वर क्रिकेटच्या मैदानात लावतात तसला दिवा, आणि वीज गेली तर म्हणून खाली इन्व्हर्टर. पहिल्या रात्री दिवा लागला तेव्हा मी म्हटलं, "दादासा, आता इथे टॉस करायचा का?" कोणी हसलं नाही.

दादीसा, म्हणजे माझ्या आजेसासूबाई हुलासबाई, त्या दिव्यावर पहिल्या दिवसापासून नाराज. रोज सकाळी खांबाखाली मेलेल्या किड्यांचा आणि पाखरांचा थर पडायचा. त्या मऊ झाडूने ते हळूच गोळा करायच्या, एखादं पाखरू हलतंय का बघायच्या आणि दादासांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "एक वासरू गेलं म्हणून रोज सूपभर जीव मारतोय आम्ही." दादासा दुसरीकडे बघायचे. नियम तो नियम.

या पांजरपोळात केसर नावाची एक म्हातारी घोडी आहे. वरातीची घोडी. तळोद्यातले निम्मे नवरे तिच्याच पाठीवरून मांडवात गेलेत, त्यात माझाही एक. अरिहंतच्या वरातीत बँडवाल्याने कानाशी ताशा वाजवला तरी ती हलली नव्हती. घाबरून तिची मान आवळून बसला होता तो नवरदेव. म्हातारपणी मालकाला ती नकोशी झाली, तेव्हा दादासांनी तिला इथे आणलं. रोज सकाळी पहिला गुळाचा खडा तिला, मग स्वतःचा चहा. अशी घोडी डिसेंबर संपता संपता बिघडली.

आधी ती झुलायला लागली. एका पायावरून दुसऱ्या पायावर, डावीकडे उजवीकडे, तासन्‌तास. मग खाणं कमी झालं. मग उभ्या उभ्या अचानक गुडघ्यांवर आपटायची, दचकून उठायची, आणि पुन्हा झुलायला लागायची. दोन्ही गुडघे सोलून निघाले. आणि एके दिवशी तिने भिला पाटलाला चावलं. भिला मूळचा कळसाडीचा, पांजरपोळाला लागून त्याचं शेत. उसाचं वाढं तोच आणून टाकतो, जनावरांना पाणीही तोच दाखवतो. सदरा खांद्यावरून खाली ओढून तो दादासांसमोर उभा राहिला.

"शेठ, हाई घोडी येडी व्हई गई. मी तिले रोज वाढं खावाडस, आनि ती मालेच चावनी! मन्हा खांदा देखा."

"देखा, देखा. हळद लाव," दादासा म्हणाले, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

ट्रस्टींची बैठक झाली. माणसाला चावणारं जनावर ठेवता येणार नाही, तिला गुजरातेतल्या मोठ्या पांजरपोळात पाठवायचं ठरलं. तिथे डॉक्टर असतात, स्वतंत्र तबेला आहे. रविवारी ट्रक येणार होता. ऐकायला हे बरं वाटत होतं, पण माझी नणंद रक्षा, जी नुकतीच जनावरांची डॉक्टर होऊन घरी आली होती, तिने केसरचे गुडघे चाचपले आणि सरळ सांगितलं, "एवढा प्रवास ती उभ्याने करू शकणार नाही. ट्रकमध्ये एकदा खाली बसली की उठणार नाही. तिकडे पोचेल ती मेलेली पोचेल."

त्या दिवशी दादासा गुळाचा खडा हातात घेऊन बराच वेळ केसरसमोर उभे राहिले, आणि तिने तोंड फिरवलं.

खरं सांगायचं तर मला केसरपेक्षा दादासांचीच जास्त काळजी वाटत होती. दिवा लागल्यापासून तेही पांजरपोळातल्या खोलीत झोपायचे, राखणीला. दुकानात आले की गिऱ्हाइकांवर खेकसायचे. तुरीच्या पोत्यातून हरभरा म्हणून माल दिला. मला एकदा माझ्या सासूच्या नावाने हाक मारली, आणि त्या जाऊन वर्षं झाली. अरिहंत त्यांना नंदुरबारला डॉक्टरकडे घेऊन गेला, तर डॉक्टर म्हणाले वय झालं. घरात आम्ही भ्रम हा शब्द हळू आवाजात बोलायला लागलो होतो, आणि तो बोलताना मला माझीच लाज वाटायची.

रक्षाने केसरचं रक्त तपासलं, दात बघितले, सगळं ठीक. मग ती एक अख्खी दुपार केसरसमोर पिंपावर बसून राहिली. संध्याकाळ झाली, दिवा लागला, आणि त्याचा झोत पत्र्याच्या फटीतून नेमका केसरच्या तोंडावर पडला. रक्षा तडक घरी आली. दादासांचं सूर्यास्ताआधीचं जेवण नुकतंच आटोपलं होतं.

"दादासा, केसरला झटके येत नाहीत. तिला झोप येते."

"झोप येते तर झोपेल."

"तेच तिला जमत नाही. घोडा उभ्याने डुलकी काढतो, पण खरी गाढ झोप त्याला आडवं पडल्याशिवाय लागत नाही. ही कित्येक दिवसांत आडवी झालेली नाही. मग उभ्या उभ्याच गाढ झोप तिला गाठते, अंग सैल पडतं आणि ती गुडघ्यांवर येते. दिवा बंद करा."

"दिव्याचा काय संबंध?"

रक्षाने एक मोठा श्वास घेतला. कॉलेजात परीक्षकासमोर घेतला असेल तसा. "डोक्यात, मेंदूच्या आत, एक इवलीशी ग्रंथी असते. अंधार पडला असं डोळ्यांनी कळवलं की ती मेलाटोनिन बनवायला घेते. दिवसा मेंदूत सेरोटोनिन असतं, तोच त्याचा कच्चा माल. हे मेलाटोनिन मेंदूभर फिरतं. मेंदूत एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवणारी रसायनं असतात ना, त्यांची पैदास त्याच्यामुळे बदलते. डोपामिन नावाचं एक आहे, ते म्हणतं ऊठ, बघ, हल. मेलाटोनिन त्याला आवरतं. गाबा नावाचं दुसरं आहे, ते म्हणतं पुरे, आता गप बस. त्याला मेलाटोनिन बळ देतं. उजेड राहिला की मेलाटोनिन बनतच नाही. म्हणजे ऊठ म्हणणारा ओरडत राहतो आणि पुरे म्हणणारा कोपऱ्यात. तिचं ते झुलणं, ते चावणं, सगळं त्यातलंच असणार."

"असणार?" दादासांनी विचारलं. व्यापारी माणूस, शब्द बरोबर पकडला.

"हे उंदरांच्या मेंदूत मोजलेलं आहे. केसरच्या डोक्यात शिरून मी बघितलेलं नाही," रक्षा प्रामाणिकपणे म्हणाली. "पण चार रात्री अंधार द्या, मग कळेल."

दादासांनी मनाशी हिशोब जुळवला. मग म्हणाले, "म्हणजे शटर पडतच नाही. हमाल रात्रभर पोती वाहतोय."

"तसंच, दादासा!"

"समजलं. पण नियम मोडणार नाही." आणि ते उठून पांजरपोळाकडे गेले.

रक्षा रडकुंडीला आली. मी तर इतकी संतापले की भांडी आपटली. एवढं समजतंय या माणसाला, स्वतःच्या तोंडाने शटर म्हणतोय, आणि तरी! दादीसा तेवढ्या शांत होत्या. म्हणाल्या, "त्यांना केसर मरायला नकोय. पण आणखी एका वासराला काही झालं तर ते स्वतःच मरतील. दिवा त्यांनी त्याच भीतीपोटी लावलाय."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, शहाद्याकडून साध्वीजी महाराज विहार करत आल्या. विहार म्हणजे पायीच प्रवास; आमच्या साध्वी वाहनात बसत नाहीत आणि विजेचा दिवा, पंखा काहीच वापरत नाहीत. विजेचा उजेड अंगावर पडला तरी त्यांना दोष लागतो, त्याला उजेही म्हणतात. तळोद्यापर्यंत चालून जायचं होतं, पण थोरल्या साध्वीजींच्या पायाला फोड येऊन तो सुजला होता. वाटेत पांजरपोळ लागला, त्यांनी तिथल्या रिकाम्या खोलीत मुक्कामाची परवानगी मागितली. दादासांना आनंद झाला. साधू-साध्वींचे पाय लागणं म्हणजे आमच्याकडे सणच.

मी आणि दादीसा तिथेच होतो. दिवस मावळतीला आला तसं माझ्या लक्षात आलं की त्या खोलीला खिडकी आहे, आणि खिडकीसमोर तो खांब. थोरल्या साध्वीजींनीही वर बघितलं. त्या कुणाला दिवा बंद करा असं सांगू शकत नाहीत, तेही त्यांना चालत नाही. त्या फक्त म्हणाल्या, "आम्ही त्या निंबाखाली बसतो, तिकडे उजेड पोचत नाही." आणि सुजलेला पाय घेऊन उठायला लागल्या.

थंडी मरणाची. दादासा खांबाखाली उभे होते. एका बाजूला नियम, दुसऱ्या बाजूला पाय सुजलेली साध्वी उघड्यावर. आयुष्यभर जे दोन्ही पाळलं ते आज एकमेकांना आडवं आलं होतं. त्यांचे ओठ हलत होते, ते नवकार मंत्र म्हणत होते की स्वतःशी भांडत होते मला कळलं नाही. मला त्यांची दया आली, आणि मी भांडी आपटल्याचं वाईट वाटलं.

मग त्यांनी डोळे पुसले आणि खटका खाली केला. इन्व्हर्टरची वायरसुद्धा काढली.

"भिला! कथा जास? बठ आठे. आज आपुन दोन्ही जागसूत," ते म्हणाले. वासरांच्या गोठ्याच्या फाटकाला त्यांनी कडी लावली, हाताने चाचपून बघितली, वरून साखळी घातली, आणि फाटकाला टेकवून स्वतःची खाट टाकली. उशाला काठी आणि वाजवायला तेलाचा रिकामा डबा.

सकाळी फटफटत होतं तेव्हा मी आणि दादीसा साध्वीजींसाठी उकळलेलं पाणी घेऊन निघालो, रक्षा मागून येत होती. पांजरपोळाच्या वळणावरच भिला धावत येताना दिसला. टोपी हातात, तोंडाला फेस.

"माय, लवकर चला! घोडी मरी गई! आडवी पडेल शे, पाय लांब करीसन!"

दादीसांच्या हातातलं भांडं खाली पडलं. रक्षा आम्हाला ओलांडून पळत सुटली. मी पदर खोचून तिच्यामागे. माझ्या डोक्यात एकच विचार, की आता हे दादासांना कोण सांगणार. नियमही मोडला आणि घोडीही गेली.

केसर खरंच आडवी होती. चारही पाय सरळ, मान जमिनीवर, ओठ लोंबलेला. रक्षा तिच्या मानेशी गुडघे टेकून बसली. मग तिने तोंडावर हात ठेवला आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. जवळ गेले तर हसत होती.

"वहिनी, ऐका."

मी कान दिला. केसर घोरत होती. चांगली, घरातल्या कर्त्या माणसासारखी. मधूनच पुढचा पाय झटकत होती, स्वप्नात कुणाची तरी वरात चालली असावी.

"मरी नही ना!" भिला मागून म्हणाला, आणि मग स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "घोरी ऱ्हायनी हाई तं! मी इतला पळनू!"

दादीसा हळूहळू चालत आल्या. त्यांनी केसरकडे बघितलं नाही, त्या पुढे वासरांच्या फाटकाकडे गेल्या. वासरं सगळी जागच्या जागी, रवंथ करत. आणि खाटेवर दादासा, काठी खाली पडलेली, डबा पोटाशी धरलेला, तोंड उघडं, गाढ झोपेत. राखणदार! दादीसांनी पदराने त्यांच्या तोंडावरची माशी वारली आणि तिथेच मातीत बसून राहिल्या. खांबाखाली त्या दिवशी एकही पाखरू मेलेलं नव्हतं.

साध्वीजींचा पाय उतरेपर्यंत मुक्काम वाढला, म्हणजे दिवाही बंदच राहिला. अरिहंतने आणि भिलाने मिळून वासरांच्या गोठ्याला खालपासून वरपर्यंत लोखंडी जाळी मारून घेतली. त्याच आठवड्यात पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याची ऊसतोड भिलाच्या शेतात आली, ऊस निघाला आणि लांबपर्यंत मोकळं रान दिसायला लागलं. केसर रोज आडवी व्हायची. तिचं झुलणं आधी कमी झालं, मग अधूनमधून. रविवारी ट्रक आला तेव्हा ती भिलाच्या हातून वाढं खात होती, आणि भिला चावलेला खांदा तिच्यापासून जपत, दुसऱ्या हाताने तिची मान खाजवत होता.

ट्रस्टी बघून गेले. रक्षाने त्यांना गुडघ्यांवर धरू लागलेली नवी कातडी दाखवली. ट्रकवाल्याला चहा पाजून परत पाठवलं, आणि ट्रक रस्त्याला लागल्यावर मी इतक्या जोरात हुश्श केलं की गाईंनी माना वळवल्या.

सोमवारी दिवस उगवल्यावर साध्वीजी निघायच्या होत्या. दादासा त्यांच्यापुढे हात जोडून बसले. आम्हीही मागे बसलो.

"महाराजसाहेब, माझा नियम मोडला. मुक्या जनावरांना अंधारात ठेवलं. प्रायश्चित्त द्या."

साध्वीजींनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. म्हणाल्या, "केसरचं मला कळलं. तुम्ही केव्हापासून झोपला नव्हता?"

दादासांना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. मग लहान मुलासारखे म्हणाले, "वासरू गेल्यापासून. डोळा लागला की ती कडी दिसायची."

आम्ही त्यांना डॉक्टरकडे नेलं, गोळ्या आणल्या, आपसात कुजबुजलो. पण एवढा साधा प्रश्न आमच्यापैकी एकानेही विचारला नव्हता. रक्षाने माझा हात घट्ट धरला. घोडीची झोप तिने ओळखली होती, पण तोच दिवा आजोबांच्या खिडकीवरही पडतो हे तिच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"रोज सूर्यास्तानंतर अंधारात एक सामायिक करा," साध्वीजी म्हणाल्या. सामायिक म्हणजे आमच्याकडे दोन घटका शांत बसणं. "झाली की आडवं व्हायचं. घरी. एवढंच प्रायश्चित्त."

"आणि इथली राखण?"

"मी शे ना, शेठ," भिला दारातून म्हणाला.

आता महिना होत आला. दिवा खांबावर आहे, पण तो एखादी गाय अडली, डॉक्टर आला तरच लागतो. दादासा रोज मावळतीला पांजरपोळात एक फेरी मारतात, फाटकाची कडी एकदाच चाचपतात, केसरच्या मानेवर थाप मारतात आणि म्हणतात, "चला, दुकान वाढवा." मग घरी येऊन सामायिकीला बसतात. तुरीला ते पुन्हा तूर म्हणतात आणि मला चांदनी. भ्रम हा शब्द आमच्या घरात पुन्हा निघालेला नाही.

काल संध्याकाळी दुकानातून अरिहंतचा फोन आला, कुठल्यातरी जुन्या व्यापाऱ्याला दादासांशी बोलायचं होतं. फोन दादीसांनी उचलला.

"झोपलेत ते," त्या म्हणाल्या.

"आत्ता? एवढ्या लवकर?" अरिहंतचा घाबरलेला आवाज मला इथवर ऐकू आला. "दादीसा, बरं नाही का त्यांना?"

दादीसांनी आतल्या अंधाऱ्या खोलीकडे बघितलं. तिथून घोरण्याचा आवाज येत होता.

"बरं आहे," त्या म्हणाल्या. "बरं आहे म्हणूनच झोपलेत."